चालपट्टीची साक्ष

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी दोन, मी सावरखेडच्या तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून मोफत कायदेशीर सल्ला देते. पंचवीस वर्षं वकिली केली, त्यातली पंधरा या टेबलावर गेली, आणि एवढ्या काळात स्वतःचा प्रश्न घेऊन आलेला माणूस मला क्वचितच भेटला. आमच्याकडे प्रश्न नेहमी दोस्ताचा असतो. दोस्ताच्या आजोबांची ठासणीची बंदूक आहे, आजोबा गेले, तर ती शेतासारखी नातवाच्या नावावर चढते का? दोस्ताला नाक्यावर पोलिसानं अडवलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली, तसं करता येतं का? दोस्ताची बायको माहेरी जाऊन बसली आहे, आता काय करावं? मी दोस्ताला उत्तर देते आणि समोरचा माणूस मान डोलावतो. बंदूक वारशानं मिळत नाही, आधी पोलीस ठाण्यात जमा करावी लागेल, असं म्हटलं की दोस्ताचा पडलेला चेहरा मला समोरच दिसतो.

म्हणून २०३९च्या मार्चमध्ये एका शुक्रवारी अंकुश घाटोळ समोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मले घटस्फोट पायजे. किती दिवस लागतात?" तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

अंकुशला मी सहा वर्षांपासून ओळखत होते. वीज मंडळाच्या ठेकेदाराकडे कामाला असताना तो खांबावरून पडला, कमरेत मार बसला आणि डावा पाय घोट्यापासून लुळा झाला. त्याच्या पहिल्या दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज मीच लिहिला होता. बावन्न टक्के अपंगत्व. चाळीसच्या वर असेल तरच राखीव जागा मिळते, ती त्याला मिळाली, आणि तो इथल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला. काचेच्या नळ्या हाताळण्यात तो इतका तरबेज झाला, की प्राध्यापक सुटीवर गेले तरी चालतं, अंकुश सुटीवर गेला की प्रयोग बंद पडतात. त्याची बायको तेजल चार वर्षांपासून पोलीस भरतीच्या मागे होती. या दोघांत कधी आवाज चढलेला गल्लीनं ऐकला नव्हता.

"ती मारते का तुला?" मी विचारलं.

"काय मॅडम."

"दुसरं कोणी आहे?"

"नाई हो. कायले बोलता असं?"

"मग मी कोर्टाला काय सांगू? एकत्र सुखानं राहतात, म्हणून वेगळं करा?"

त्यानं आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाला, "तीस तारखेच्या आत तिचं नाव माह्या नावापासून सुटलं पायजे. बस."

परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, मग आणखी महिने जातात, हे मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा असा उतरला की माझा राग निम्मा झाला. "खिशात काय आहे ते काढ," मी म्हटलं. त्यानं घडी घातलेली नोटीस काढली.

नोटीस जिल्ह्याच्या दिव्यांग पडताळणी कक्षाची होती. 'आपल्या चालपट्टीच्या नोंदीनुसार गेल्या तिमाहीत आपले अपंगत्व अकरा टक्के आढळले आहे. प्रमाणपत्र रद्द का करू नये आणि शासनाच्या फसवणुकीबद्दल गुन्हा का दाखल करू नये, याचा खुलासा तीस तारखेच्या सुनावणीत करावा.'

ज्यांच्या घरात चालपट्टी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाऊल वर उचलणारा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो. त्याला हुकूम देणारी नस कमरेतून निघते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं खाली उतरते. अंकुशच्या कमरेत मार लागला तेव्हा त्या नसेचे शंभरातले नव्वद धागे गेले. उरलेल्या दहा धाग्यांतून मेंदूचा हुकूम येतो, पण इतका बारीक येतो की स्नायूला ऐकूच जात नाही. चालपट्टी ही गुडघ्याखाली बांधायची चार बोटं रुंदीची पट्टी. ती कातडीवरून तो बारीक हुकूम ऐकते, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत स्नायूला विजेचा हलका झटका देते. पाऊल उचललं जातं. हुकूम माणसाचा, जोर पट्टीचा. जितका हुकूम स्पष्ट ऐकू येईल, तितका झटका कमी. पहिल्यांदा पट्टी बांधून अंकुश कॉलेजच्या आवारात काठीशिवाय चालला, तेव्हा तेजल फाटकापाशी उभी राहून रडली होती. मीही तिथंच होते आणि माझीही तीच गत झाली, हे लपवण्यात अर्थ नाही.

पट्टी प्रत्येक पावलाची नोंद ठेवते. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की एवढी नोंद आपोआप होतेच आहे तर दर पाच वर्षांनी डॉक्टरांच्या मंडळापुढे रांगा कशाला? पट्टीच्याच नोंदीवरून टक्केवारी काढावी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नोटिशीच्या मागे आलेख छापला होता. रोज पहाटे पाच वीसला अंकुश घाटोळ, डावा पाय लुळा, घराबाहेर पडत होता आणि आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत पळत होता. वर चार किलोमीटर सावकाश धाव. रविवारी सुटी.

मला हसू आवरेना. "अंकुश, तीन मिनिटांत आठशे मीटर?"

"दोन पंचावन्न," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तिथंच तो सापडला.

आठशे मीटर हे मुलींच्या भरतीचं अंतर आहे. तेजलची निवड यादी आदल्याच आठवड्यात लागली होती. महिलांत चौदावा क्रमांक. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती.

मग त्यानं सगळं सांगितलं. पट्टी चार्ज करायला दोन सोयी होत्या. एक, नेहमीसारखी वायर. पण ती जिथं जोडायची ती पट्टीवरची पितळी टोकं पायाच्या घामानं गंजली. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जातो, घामाचं काय विचारता. नवीन टोकांसाठी अर्ज केला, त्याला पाच महिने झाले. दुसरी सोय बनवणाऱ्यांनी मोठ्या कौतुकानं दिली होती. पट्टीत एक चुंबक आणि तारेचं वेटोळं आहे. गुडघा हलला की चुंबक सरकतो आणि वीज तयार होते. चाला आणि चार्ज करा. निरोगी माणूस अर्धा तास पळाला की पट्टी दिवसभरासाठी भरते. अंकुश दिवसभर चालला तरी निम्मी भरत नाही, कारण त्याच्या पायाला तेवढा झोकाच नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी केलेली वस्तू ज्यांना उत्तम चालता येतं त्यांच्या पायावर तपासली, की असं होतं.

"तेजल म्हने, मी तं रोज पयतोच. आन तो पट्टा, माह्या पायाले बांध," अंकुश सांगत होता. "सहा वाजता भरून आनून देते. मी तोच बांधून कॉलेजात जातो. आमाले काय मालूम, त्याचा हिशेब कोनी मांडून राह्यलं म्हून."

आमच्याकडे घरातली कुठलीच वस्तू एकट्याची नसते. चष्मासुद्धा सासऱ्याचा सुनेला लागतो. पट्टी सरकारी आहे आणि ती एकट्याच्याच नावावर आहे, हे या दोघांच्या मनातही आलं नव्हतं. पण चालपट्टी नियमांच्या कलम नऊमध्ये ते स्पष्ट लिहिलं होतं. नोंदणीकृत व्यक्तीखेरीज कुणी पट्टी वापरून नोंदीत फेरफार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

आता अंकुशचं गणित मला कळलं. खरं सांगितलं तर तेजलवर गुन्हा, आणि गुन्हा दाखल असलेल्या मुलीला पोलिसात कोण घेतो? म्हणून तो म्हणणार होता, मीच पळालो, मीच सरकारला फसवलं. नोकरी गेली तर जाऊ दे. पण फसवणाऱ्याची बायको म्हणून तिच्या पडताळणीत खोडा नको, म्हणून आधी घटस्फोट.

"नवऱ्यावरचा गुन्हा बायकोला लागत नाही," मी म्हटलं.

"कागदावर नाई लागत."

"आणि तू पळून दाखव म्हणाले तर?"

त्यानं हा विचारच केला नव्हता. मी त्याला मंगळवारपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगून घरी पाठवलं.

दोन तासांनी, मी टेबल आवरत असताना, तेजल आली. उन्हानं रापलेली, ताठ बसणारी पोरगी. ती म्हणाली, "मॅडम, माह्यी एक मैत्रीन हाय."

"मैत्रिणीचं नाव तेजल घाटोळ आहे का?"

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग सरळ बोलली. "यादीतून नाव मागं घेता येते काय? आधी नाव मागं घेतो, मंग सांगतो की पट्टा मी घालत होतो. पोलिसात जायचंच नाई म्हटल्यावर गुन्हा झाला तं झाला. त्यायची नोकरी वाचन."

"चार वर्षं पळालीस त्याचं काय?"

"पयाले पाय हायेतच," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. तिनं ते लपवले नाहीत. "त्यायले घरात बसलेलं मी दोन वर्सं पाह्यलं, मॅडम. खिडकीपाशी बसत. रस्त्यानं कोन चाललं ते सांगत. मले ते पुन्हा नाई पाहाचं."

आता मला खरोखर संताप आला. एक नवरा बायकोला न सांगता घटस्फोट मागतो, एक बायको नवऱ्याला न सांगता नोकरी सोडते, आणि दोघंही मला येऊन सांगतात, घरी बोलू नका. मी तेजलला गाडीत घातलं, त्यांच्या घरी नेलं, दोघांना समोरासमोर बसवलं आणि एकानं दुसऱ्यासाठी काय ठरवलं आहे ते मोठ्यानं सांगितलं.

तेजल नवऱ्याकडे वळली. "घटस्फोट कोनाले पायजे?" ती म्हणाली.

"तुयासाठी म्हून..."

"मले इचारलं?"

"तू इचारलं मले? यादीतून नाव काढाले चालली होती."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग बंद झाला. ती चहा घेऊन बाहेर आली, मला कप दिला, आणि त्याचा कप त्याच्या हातात देताना म्हणाली, "असं कधी करजो नको." तो नाही म्हणाला. त्यांच्यातलं भांडण एवढंच. माझं लग्न बावीस वर्षांत मोडलं त्याची कारणं मला त्या दिवशी त्या ओट्यावर बसून नव्यानं कळली, पण तो विषय वेगळा.

आता कायद्याकडे वळलो. माझ्या मनात साधा मार्ग होता. तेजलच्या पहाटेच्या नोंदी वजा करायच्या आणि उरलेल्या अंकुशच्या आहेत म्हणून दाखवायच्या. मी कक्षाच्या संकेतस्थळावर पहाटेचे तास वगळून टक्केवारी काढून बघितली.

चौतीस.

म्हणजे तेजलनं स्वतःला पुढं केलं, सगळं खरं सांगितलं, नोकरी घालवली, तरी अंकुशची टक्केवारी चाळीसच्या खालीच. कारण पट्टी बांधल्यावर तो खरंच बरा चालत होता. पट्टी त्याला चालवत होती आणि त्याच चालण्याचा पुरावा देऊन सांगत होती, की याला काही झालेलंच नाही. पट्टी सोडून दिली असती तर बावन्न टक्के कायम राहिले असते, आणि तो खिडकीपाशी.

मी विचारलं, "पट्टी परत केलीस तर?"

"तं नोकरी ठेवाले लंगडत जा लागन," अंकुश म्हणाला. "आन तिथं सत्तर पोरं हायेत, ॲसिडच्या बाटल्या हायेत. काठी घेऊन मी बाटली कशी धरू?"

दोन दिवस मी नियम पालथे घातले. 'चाल' म्हणजे काय याची व्याख्या होती, 'पट्टी' म्हणजे काय याची होती, पण अपंगत्व पट्टीसह मोजायचं की पट्टीशिवाय, हे कुणीच लिहिलं नव्हतं. ज्यांनी नियम केले त्यांना हा प्रश्नच पडला नव्हता. एकच गोष्ट हाती लागली. स्वतःच्या शरीराची नोंद माणसाला मागता येते, पूर्णच्या पूर्ण. मी अर्ज टाकला. तिसऱ्या दिवशी फाइल आली. एकेका पावलाला त्रेचाळीस रकाने. मी वरची दोन पानं वाचली आणि मला घेरी आली. मी फाइल अंकुशला दिली.

माझी चूक ही, की मी त्याला अशील समजत होते. तो माणूस इतकी वर्षं रोज काचेच्या नळीतल्या थेंबाचा दहावा भाग वाचत होता. सोमवारी दुपारी त्यानं मला प्रयोगशाळेत बोलावलं. प्रयोग संपले होते, सिंकमध्ये काचा वाळत होत्या. त्यानं पडद्यावर फाइल उघडली होती.

"हे पाहा, मॅडम. कक्षानं फक्त अकरावा रकाना घेतला. पाऊल किती उचललं. आता सतरावा पाहा."

सतराव्या रकान्यात लिहिलं होतं, 'दिलेला प्रवाह'. दर पावलाला पट्टीनं स्नायूला किती वीज दिली, त्याचा आकडा.

"कॉलेजातलं माह्यं पाऊल. अकराव्यात ऐंशी टक्के, चांगलं. सतराव्यात पाहा, जोराचा बहुतेक वाटा पट्ट्याचा हाय, माह्या वाट्याले जरासाक. आता पहाटचं पाऊल. अकराव्यात शंभर. सतराव्यात शून्य. सगया पहाटा शून्य. पट्ट्यानं तिले एकदा बी हात लावला नाई, मॅडम. तिचा हुकूम इतका दणकट, की त्याले कराले काईच नव्हतं."

त्यानं गुणपत्रिकेसारखा एक साधा तक्ता केला होता. पट्टीचा वाटा वजा केला तर उरतो तो माणूस. त्या माणसाचं अपंगत्व सत्तावन्न टक्के. डॉक्टरांच्या मंडळानं लिहिलं होतं त्यापेक्षा पाच जास्तच. ज्या पट्टीनं त्याच्यावर आळ घेतला, तिच्याच पोटात त्याची साक्ष होती. ती कुणी वाचली नव्हती, एवढंच.

मी त्याला म्हटलं, "तू वकील व्हायला पाहिजे होतास." तो म्हणाला, "माह्यी नोकरी चांगली हाय," आणि काचा पुसायला लागला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी दोघांना बजावलं. पहाटेच्या पावलांना प्रवाह शून्य आहे, म्हणजे ती अंकुशची नाहीत, इतकं आपण सिद्ध करायचं. कुणाची आहेत ते सांगायला कायद्यानं कुणीही बांधील नाही. तेजल, तू यायचंस, मागच्या बाकावर बसायचंस, आणि तोंड उघडायचं नाहीस. ती बरं म्हणाली. ती फार पटकन बरं म्हणाली, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पडताळणी अधिकारी डॉक्टर बोचरे म्हणून होते. साठीला आलेले, मूळचे अस्थितज्ज्ञ, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. मी तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. ते पंधरा मिनिटं तो वाचत राहिले.

"सतरावा रकाना आमच्या सूत्रात नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणूनच आलो."

"बाई, पट्टी बांधून हा माणूस नीट चालतो हे तुम्हालाही मान्य आहे. मग अपंगत्व उरलं कुठं?"

"साहेब, तुमच्या चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर चष्मा लावून काढतात की उतरवून?"

त्यांनी माझ्याकडे भिंगांवरून बघितलं. मग ते हसले, अगदी थोडंसं. त्यांनी अंकुशला पट्टी सोडून भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. तो चालला. पाऊल जमिनीवर घासत गेलं, वळताना त्याला टेबल धरावं लागलं. बोचऱ्यांनी खाली वाकून स्वतःच्या हातानं त्याच्या घोट्याची तपासणी केली. त्यांच्या कार्यालयात रुग्णाला हात लावायची वेळ दोन वर्षांत आली नसावी. उठताना ते म्हणाले, "मंडळानं बावन्न कमीच लिहिले होते."

त्यांनी लेखनिकाला मजकूर सांगायला घेतला. अपंगत्व सत्तावन्न टक्के. प्रमाणपत्र कायम. अपंगत्व पट्टीची मदत वजा करूनच मोजावं, अशी शिफारस राज्य कार्यालयाकडे. माझ्या मनात विजयाचे ढोल वाजायला लागले होते.

"राहिली पहाटेची पावलं," बोचरे म्हणाले. "ती यांची नाहीत हे सिद्ध झालं. पण कुणीतरी पट्टी वापरली. कुणी, ते कळलं नाही तर मला कलम नऊखाली प्रकरण पोलिसांकडे पाठवावं लागेल. आणि पट्टी ज्याच्या नावावर, आरोपी तोच."

हे मी धरलं नव्हतं. उघडच सांगते, धरलं नव्हतं. मी मुदत मागणार होते, तोंडही उघडलं होतं, तेवढ्यात मागचं बाक वाजलं.

"ते पाय माह्ये हायेत," तेजल म्हणाली.

"साहेब, लिहू नका," अंकुश म्हणाला. "मॅडम, सांगा त्यायले."

मी उठून सांगितलं की ही बाई माझी अशील आहे, तिला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, आणि ती आता खाली बसते आहे. ती बसली नाही.

"मले कोनी सक्ती नाई केली," ती म्हणाली. "पट्टा भरत नव्हता म्हून मी बांधून पयत होतो. पाच महिने. माह्यं पोलिसात सिलेक्शन झालं हाय. उद्या मलेच कोनाले तरी इचारा लागन, खरं सांग, तू होता काय तिथं. त्याच्या आधी मी इथं चूप बसू काय?"

लेखनिक बोटं हवेत धरून थांबला होता. बोचऱ्यांनी नियमांचं पुस्तक ओढलं, कलम नऊ काढलं आणि मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता ते एका जागी थांबले, जी मी कैदेच्या आकड्यावर नजर खिळल्यामुळे ओलांडून गेले होते. "'लाभ मिळवण्याच्या हेतूने,'" त्यांनी पुन्हा वाचलं. "बाई, यातून तुम्हाला किंवा यांना लाभ काय झाला?"

"नोटीस आली," तेजल म्हणाली.

लेखनिकाला हसू फुटलं. बोचऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी सांगितलं, लिहा. वापर मान्य. हेतू पट्टी भारित करण्याचा. लाभ नाही, उलट नुकसान. गुन्हा होत नाही. मग चष्मा काढून ते तेजलला म्हणाले, "पण जबाब मला पुसता येणार नाही. पोलिसांच्या निवड यादीत तुमचं नाव आहे म्हणता, तर या आदेशाची प्रत पोलीस अधीक्षकांकडे जाणार. ते काय ठरवतील ते मी सांगू शकत नाही. आणि यापुढे पट्टी यांनीच बांधायची, दुसऱ्या कुणी नाही."

"हो," ती म्हणाली.

पुढचे अठरा दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. अंकुश माझ्याशी बोलेना, जणू मीच तिला उभं केलं होतं. तेजल रोज पहाटे पळत होती, बिनपट्टीची. एकोणिसाव्या दिवशी तिला अधीक्षक कार्यालयात बोलावलं. मी सोबत गेले, पण मला बाहेर बसवलं. दहा मिनिटांत ती बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय विचारलं?"

"म्हने, तू बोलली नसती तं कोनाले समजलं असतं काय? मी म्हटलं, नाई. म्हने, मंग काऊन बोलली? मी म्हटलं, ते त्यायच्या अंगावर गेलं असतं." तिनं श्वास घेतला. "म्हने, सोमवारी सकाई आठ वाजता प्रशिक्षण केंद्रावर हजर व्हा. केस बारीक कापून या."

मी तिथंच, अधीक्षकांच्या पायरीवर, तिला मिठी मारली. पहाऱ्यावरचा शिपाई आमच्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं.

प्रशिक्षण नऊ महिन्यांचं होतं. रविवारी दुपारच्या गाडीनं ती जाणार होती. मी घरी निरोप द्यायला जाणार होते, पण अंकुशनं फोन करून नको सांगितलं. तो म्हणाला, आमी दोघंच जातो स्टँडवर, चालत. त्यांच्या घरापासून स्टँड अडीच किलोमीटर आहे. शुक्रवारपासून त्यानं पट्टीचा झटका बंद ठेवला होता, फक्त ती बांधून घरातल्या घरात फेऱ्या मारत ती भरत होता. स्वतःच्या पायानं, आदेशात लिहिलं होतं तसं.

संध्याकाळी मी भाजी घेऊन परतत होते, तर तो मला कॉलेजच्या वळणावर दिसला. काठी टेकत, डावं पाऊल घासत येत होता. पट्टी पायाला होती, पण तिचा दिवा विझलेला होता. मी गाडी थांबवून दार उघडलं. म्हटलं, बस, सोडते. किती वेळ झाला निघून?

"दीड तास होत आला," तो म्हणाला, पण गाडीत काही बसला नाही. काठीवर भार देऊन उभा राहिला, घाम पुसला. चेहरा मात्र असा प्रसन्न होता, की मला पुढं आग्रह करवेना.

"जातानी तिच्या पावलाले पाऊल लावून गेलो, मॅडम," तो म्हणाला. "येतानी कायची घाई हाय?"